लेकानं छापलंय

तुळजापूरच्या बसस्थानकामागच्या भिंतीवर मी आमच्या संघटनेचं बुवाबाजीविरोधी पत्रक चिकटवत होतो. खळ मनगटापर्यंत आली होती. शेजारी एक पिवळा कागद आधीच लागलेला. त्याचा कोपरा माझ्या पत्रकाखाली दाबणार, तेवढ्यात नजर गेली. ‘शिआत्सु. हातांच्या दाबानं शरीराला आराम देण्याची जपानी पद्धत. एक वर्षाचा वर्ग. दर शनिवार-रविवार.’ खाली देवळाच्या रस्त्यावरच्या एका लॉजचा पत्ता.

मला आधी हसू आलं आणि मग संताप. या गावात आधी काय कमी आहे? अंगात येणारे आहेत, लिंबू उतरवणारे आहेत, पाठीवर हात फिरवून मूल देणारे आहेत. आता भोंदूगिरीसुद्धा परदेशातून मागवायची का?

“मी यात घुसतो,” मी सोबतच्या कार्यकर्त्याला म्हणालो. “वर्षभर बसतो आणि मग एकदाच भांडाफोड.”

“वर्षभर?” खळीचा डबा खाली ठेवत तो म्हणाला. “एवढं तर नवस फेडायलाबी लागत न्हाय.”

मी पुराव्याबद्दल काहीतरी बोललो. पुरावा गोळा करायला वेळ लागतो, वगैरे. ते खोटं होतं.

घरी अण्णांना लकवा मारून दोन महिने झाले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. डावा हात आणि डावा पाय गेला होता. बोलणं परत आलं होतं, उजवा हात चालत होता, पण डावा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. दवाखान्यात सांगितलं होतं, घरच्यांनी रोज हात हलवा, दाबा, वाकवा. आई करायची. मी पुढं झालो की अण्णा तोंड फिरवायचे. मला त्या हाताला हात लावायचा होता. पिवळा कागद वाचताना माझ्या मनात एवढंच होतं, की जपानचं नाव असलं, वर्षभर शिकून आलेला असलो, तर अण्णा कदाचित नाही म्हणणार नाहीत.

ते नाही का म्हणत होते ते सांगतो. त्यात माझंच एक पत्रक आहे.

आमचं घर न्हाव्याचं. गाव सास्तूरपासून जवळ, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सरकारनं नव्यानं वसवलेलं. सरळ आखलेल्या गल्ल्या, घरांना नंबर. भूकंपात भिंती पडल्या, बलुतं पडलं नाही. ते नंबरच्या घरांत जसंच्या तसं राहायला आलं. अण्णा बसथांब्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये दाढी-कटिंग करायचे. शिवाय गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी आठवड्यातून दोनदा पाय चेपायला जायचे. त्यांना सगळं गाव मालक म्हणतं. माझा आजा जायचा म्हणून अण्णा जायचे. सुगीला ज्वारी यायची. असं का, हे कुणी विचारायचं नाही.

मी कॉलेजला असताना एकदा काही निरोप द्यायला मालकांच्या ओसरीवर गेलो. अण्णा गुडघ्यांवर बसले होते. बाजेवर मालक नव्हते, मालकांचा पोरगा होता. माझ्याच वर्गातला. तो मोबाइलवर काहीतरी बघत होता आणि त्याचा पाय अण्णांच्या हातात होता. त्यानं मला बघितलं. पाय काढून घेतला नाही, उलट दुसरा पुढं केला. अण्णांनी तोही चेपला आणि उठायच्या आधी दोन्ही तळहात भुईला लावले. त्याच्या पायांपाशी. वाकून.

ते वाकणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढं मी संघटनेत गेलो, लिहायला लागलो, आणि स्वतःचं म्हणून पहिलं पत्रक लिहिलं ते यावरच. ‘पाय चेपणं बंद करा!’ त्यातलं एक वाक्य मी पंधरा वेळा घोटलं होतं: ‘पोराच्या वयाच्या मालकाचे पाय चेपून हा माणूस वर भुईला हात लावून त्याला नमस्कार करतो; सांगा, हा कणा कुणी मोडला?’ नाव घातलं नव्हतं. घालायची गरज काय? आमच्या गावात पाय चेपणारा माणूस एकच होता.

पत्रक हॉटेलात मोठ्यानं वाचलं गेलं. अण्णा तिथंच चहा पीत बसले होते. हे मला नंतर कळलं. वाचून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, “जरा सदरा वर कर की, कणा कुठं मोडलाय बघू.” लोक हसले. अण्णांनी चहा संपवला, कप नळाखाली धुवून ठेवला, घरी आले आणि आईला म्हणाले, “त्याला सांग, उद्यापासनं बंद.”

मला जिंकल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. संघटनेच्या बैठकीत मी हे उदाहरण म्हणून सांगितलं आणि टाळ्याही घेतल्या.

अण्णांनी मालकांकडं जाणं बंद केलं. पण त्याबरोबर सगळ्यांचंच अंग धरणं बंद केलं. कुणाची पाठ धरली, मान अवघडली, पोटरीत गोळा आला, की माणसं शेडमध्ये यायची. अण्णा साबणाचा ब्रश फिरवत म्हणायचे, “न्हाय. लेकानं छापलंय.” मोंढ्यात पोती उचलून कंबर गेलेला एक हमाल यायचा, त्यालाही तेच. तो काही मालक नव्हता. भूकंपाच्या साली अण्णा पत्र्याच्या तात्पुरत्या घरांमधून फिरत होते, ढिगाऱ्याखालून निघालेल्या माणसांचे आखडलेले हातपाय मोकळे करत होते, कुणाकडून काही न घेता. हे मला आईनं नंतर सांगितलं. पत्रक लिहिताना मला ते माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आणि माझ्याशी बोलणं बंद. एका ताटाच्या अंतरावर बसून ते आईला म्हणायचे, “त्याला म्हणावं, अजून एक भाकरी घे.” चार वर्षं हे चाललं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी पहिल्यांदा त्यांचा डावा हात धरायला गेलो, तेव्हा जीभ अजून जड होती. तरी त्यांनी एकेक शब्द जुळवून आईला सांगितलं, “त्याला म्हणावं, चेपणं गुलामी हाय. छापलंय त्यानं.”

तर मी वर्गाला गेलो.

लॉजचा वरचा हॉल एरवी यात्रेकरूंना झोपायला असायचा. शनिवारी गाद्या भिंतीला लावून ठेवायचे, मधल्या जागेत आम्ही नऊ जण. खिडकीखालून संबळ वाजत जायचा, कवड्यांच्या माळा विकणारे ओरडायचे. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, मूळच्या सोलापूरकडच्या. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात बारा वर्षं काम करून परत आलेल्या, तिथंच हे शिकलेल्या. माझी जोडी एका निवृत्त एसटी कंडक्टरांशी लागली. आयुष्यभर उभ्यानं तिकिटं फाडून त्यांची पाठ लाकूड झाली होती.

पहिल्याच दिवशी बाईंनी रीत सांगितली. समोरचा माणूस गादीवर झोपेल, त्याच्याशेजारी गुडघे टेकायचे, हात जोडून त्याच्यासमोर वाकायचं आणि मग सुरुवात. संपलं की पुन्हा वाकायचं.

मी उभा राहिलो. “मी वाकणार नाही.”

आणि मग आख्खं भाषण दिलं. बलुतं, कणा, शतकं, सगळं. माझा आवाज खाली रस्त्यावर गेला असणार. कंडक्टर गादीवर पालथे पडले होते. ते तसेच म्हणाले, “साहेब, भाषण संपलं की सांगा. तवर म्या हितंच पडून ऱ्हातो, बस काय लगेच सुटत न्हाय.”

बाई हसल्या नाहीत. “वाकू नका,” त्या म्हणाल्या. “पण गुडघे टेका. उभ्यानं हात पोचत नाही.”

मी गुडघे टेकले. अण्णा बसायचे तसेच. हे लक्षात आलं आणि माझी कानशिलं तापली.

मला राग कशाचा होता? काम तेच होतं. अंगावरचे कपडे तसेच ठेवून, तेल न लावता, जमिनीवर बसून हातांनी दाब द्यायचा. अण्णा करायचे तेव्हा ‘ए, ये रे, पाय धर’. इथं भिंतीवर जपानी अक्षरांचा एक कागद लावला की तेच काम करणाऱ्याला ‘सर’ म्हणायचं आणि वेळ घेऊन यायचं. म्हणजे हात कुठून आलेत हे बघून लोक ठरवतात, त्यांना नोकर म्हणायचं की गुरू. यावर एक पत्रक होईल असं मी वहीच्या मागच्या पानावर लिहूनही ठेवलं. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्गातल्या एका योगशिक्षकानं मला विचारलं, “तुमचा हात चांगला आहे हो. घरी कुणी या क्षेत्रात आहे का?”

मी म्हणालो, “नाही.”

पत्रक मात्र लिहायला निघालो होतो.

भांडाफोडीचं म्हणाल तर, शरीरात वाहिन्या आहेत आणि त्यांतून प्राण वाहतो वगैरे जे बाई शिकवायच्या, ते मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. मी प्रश्न विचारायचो. बाई म्हणायच्या, “मलाही दिसलेल्या नाहीत. तुम्ही हात ठेवा.” पण हात ठेवायचा कसा, हे शिकण्यासारखं होतं. बोटानं ढोसायचं नाही. ताकद लावायची नाही. आपलं वजन पोटातून पुढं न्यायचं आणि समोरच्याच्या श्वासाबरोबर टेकवायचं. एक हात थांबलेला, एक चालता. थांबलेल्याला आईचा हात म्हणतात, असं बाई म्हणाल्या. माझा हा ‘आईचा हात’ कधी थांबायचाच नाही. कंडक्टर पालथ्या तोंडानं ओरडायचे, “अहो, सीटवर बसा! गाडी चालू हाय!”

प्रत्येकाला सरावाची वही दिली होती. घरच्या माणसांवर सराव करायचा. कुणाचं अंग, काय दुखतं, त्यांना काय वाटलं ते लिहायचं, खाली त्यांची सही किंवा अंगठा. माझ्या वहीची पहिली बारा पानं आईच्या गुडघ्यांची आहेत. मधल्या खोलीत सतरंजी टाकून आई झोपायची, आणि समोर बाजेवर अण्णा. ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. दर वेळी आईचं झालं की मी विचारायचो, “अण्णा, तुमचा हात बघू का?” आणि ते भिंतीला सांगायचे, “छापलंय.”

पण माणूस किती दिवस भिंतीकडं बघणार? आणि ज्याला एखादं काम येतं, त्याला ते वाईट होताना बघवत नाही. श्रावणात कधीतरी माझ्या लक्षात आलं की अण्णा कुशीवर वळून बघायला लागलेत. मी आईच्या मांडीवर अंगठा रोवत होतो. आई दात आवळून गप्प होती.

“त्याला सांग,” अण्णा म्हणाले, “भाजी चिरायलाय का म्हणावं.”

आई म्हणाली, “तुमीच सांगा की. हितंच बसलाय.”

मी पुन्हा दाबलं. आई कळवळली.

“अरं कोपर सरळ ठिव, बेअकली!” अण्णा ओरडले. “वाकड्या कोपरानं ताकद लागती. सरळ ठिव, आन् नुस्ता झूक. तुजं वजन काय चुलीत घालायचंय?”

चार वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. मी कोपर सरळ केलं आणि झुकलो. आईनं लांब श्वास सोडला. “हां,” ती म्हणाली, “आता कसं, तुमच्यावानी.”

अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बाई तीन महिने जे सांगत होत्या, ते त्यांनी एका शिवीत सांगितलं होतं. मी वहीत लिहिलं: ‘कोपर सरळ. सूचना वडिलांची.’ बाईंनी ते पान बघितलं. “वडील?” त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. कोण आहेत, काय करायचे, मी काय छापलं. पहिल्या दिवशी जे भाषण दिलं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी शब्दांत. बाई म्हणाल्या, “त्यांना इथं आणता येईल?” मी म्हणालो, ते मला हातही लावू देत नाहीत, एसटीत कसे चढवू?

त्यानंतर मला रोज आशा वाटायची. सराव चालू असताना अण्णा आईमार्फत सूचना करायचे. त्याला म्हणावं, वरनं खाली ये. त्याला म्हणावं, घाई काय, बस सुटायलीय का. पण स्वतःचा हात द्यायचे नाहीत. मी विचारणं सोडलं नाही आणि त्यांनी नाही म्हणणं.

कोजागरीला सोलापूरकडून माणसं चालत तुळजापूरला येतात. बाईंनी आम्हाला रस्त्याकडेच्या एका मांडवात बसवलं: येणाऱ्यांचे पाय दाबायचे. पाय! मी बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. माझ्यापुढं एक बाई येऊन बसली, विडी कामगार होती, टाचा फुटलेल्या, दोन्ही पाय सुजलेले. “नगं भाऊ, तुमी नका हात लावू, घाण हायेत,” ती म्हणत होती आणि पाय साडीखाली ओढून घेत होती. मालकांच्या पोरानं एकदाही असं म्हटलं नव्हतं. मी तिचे पाय धरले. सकाळपासून दुपारपर्यंत किती माणसं आली ते मोजलं नाही. घरी आलो तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ठणकत होते, पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता.

मी बोटं चोळत बसलो होतो. अण्णा बाजेवरून बघत होते.

“त्याला इचार,” ते आईला म्हणाले, “भुईला दिलं का न्हाय?”

“काय भुईला?” मी विचारलं.

आई जात्यावरचं पीठ झाडत होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढं साधं याला ठाऊक नाही. “आरं, दुसऱ्याचं दुखणं हातात येतंय,” ती म्हणाली. “काम झालं की दोनी हात भुईला लावायचे. तिला द्यायचं ते. तुजा आजाबी करायचा, ह्येबी करायचे. न्हाईतर हात निकामी हुत्यात.”

मला कळायला वेळ लागला नाही. ओसरी, बाज, मोबाइल, दोन तळहात भुईवर. ज्या वाक्याला मी पंधरा वेळा घोटलं होतं ते.

“म्हंजे तो मालकाला नमस्कार नव्हता?”

अण्णा हसले. लकव्यानं तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळं ते हसणं अर्धंच होतं. “त्याला म्हणावं, त्या टवळ्याला कोण नमस्कार करतंय? त्येचं आंग जड हुतं, बापावानी. त्ये खाली टाकत हुतो म्या.”

मी म्हणालो, “अण्णा, मला सांगायचं होतं की तेव्हा.”

“त्याला म्हणावं, छापायच्या आदी इचारायचं अस्तं.” मग ते म्हणाले, “छापून घातलंय, तर छापूनच काड म्हणावं. हाटेलात वाचलं हुतं, तितंच वाचू दे. मग दीन म्या हात.”

झालं. अट साधी होती. चार ओळींचं काम. तुळजापुरातला छापखाना ओळखीचा. एका दिवसात झालं असतं.

मला अडीच महिने लागले.

का लागले ते मी प्रामाणिकपणे लिहितो. मला खुलासा छापायचा होता, पण हरायचं नव्हतं. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात बलुत्याचा इतिहास होता, श्रमाची प्रतिष्ठा होती, जपान होतं, आणि भुईची गोष्ट शेवटून तिसऱ्या परिच्छेदात होती. तो मी फाडला. दुसऱ्यात मी लिहिलं की हा नमस्कार नसला तरी व्यवस्था तीच आहे. तोही फाडला. कार्यकर्ता मित्र म्हणाला, “तू हे छापलंस की मालकांच्या घरात पेढे वाटतील. लोक म्हणतील, बघा, चेपणं वाईट नव्हतंच.” त्याचं बरोबर होतं! ते वाईटच होतं. मालकांच्या पोरानं दुसरा पाय पुढं केला ते वाईटच होतं, त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही, आजही घेत नाही. पण अण्णांनी मला तो शब्द मागं घ्यायला सांगितलं नव्हतं. त्यांनी एक वाक्य मागितलं होतं. मी ते वाक्य युक्तिवादात गुंडाळत बसलो. दर रविवारी वाटायचं, पुढच्या रविवारी.

येळवस आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, भज्जी-आंबील खायला. न्हाव्याला तर दहा शेतांतून बोलावणं असतं. अण्णा दरवर्षी संध्याकाळपर्यंत या बांधावरून त्या बांधावर फिरायचे. या वर्षी गल्ली रिकामी आणि आम्ही तिघं घरात. आईनं भज्जीचे दोन घास त्यांना भरवले. “मी पाठीवर घेऊन जातो,” मी म्हणालो. “त्या वळणाच्या शेतापर्यंत.”

अण्णांनी मान हलवली. आणि मग माझ्याकडं बघून, आईकडं न बघता, विचारलं, “कुटवर आलंय तुजं?”

“झालंच आहे,” मी म्हणालो.

झालं नव्हतं. त्या दुपारी मी वही घेतली आणि लिहिलं: ‘पाय चेपून झाल्यावर भुईला हात लावणं हा मालकाला नमस्कार नव्हता. दुसऱ्याचं दुखणं हातात राहू नये म्हणून ते भुईला द्यायची ती रीत होती. मी न विचारता खोटं छापलं. चूक माझी.’ खाली माझं नाव. पाच मिनिटं लागली.

त्या शनिवारी छापायला दिलं, रविवारी वर्ग सुटल्यावर गठ्ठा घेतला. शाई अजून बोटाला लागत होती. बसस्थानकावर चुलत्यांचा फोन आला.

“ये.”

“काय झालं?”

“ये म्हणलं की यावं.”

वर्गातले कंडक्टर सोबत होते. त्यांनी काही न विचारता मला बसमध्ये चढवलं, गाडीवरच्या पोराला आपली जुनी नोकरी सांगितली आणि मला पुढची खिडकी मिळवून दिली. गठ्ठा मांडीवर होता. मी तो सबंध रस्ता उघडला नाही.

अण्णांना सकाळीच दुसरा झटका आला होता. मी पोचलो तेव्हा अंगणात पाट मांडला होता, पाणी काढलेलं होतं, सगळे माझीच वाट बघत होते. “घाल पाणी,” चुलते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. मग डावा हात घेतला. आता तो मला कुणी नाकारणार नव्हतं. एक हात त्यांच्या खांद्यावर थांबवला आणि दुसरा खांद्यापासून खाली आणला, कोपर सरळ ठेवून, नुसतं झुकून. समोरून श्वास येत नव्हता, म्हणून कधी दाबायचं आणि कधी सोडायचं ते समजेना. मी माझ्याच श्वासावर केलं. दंड, कोपर, मनगट. तळहाताला आलो. वस्तऱ्याच्या मुठीचा घट्टा अजून होता.

“बास की,” चुलते हळू म्हणाले. “पाणी निवायलंय.”

मी दोन्ही तळहात भुईला लावले. माती पाण्यानं चिखल झाली होती.

मागं कुणीतरी म्हणालं, “टेकला बघ शेवटाला. पडला बापाच्या पाया.”

“पडंल न्हाईतर काय? कितीबी छापलं तरी बाप तो बाप.”

मालक आले होते. कडेला उभे होते. त्यांनीही मान हलवली, बरं वाटल्यासारखी. गठ्ठा ओसरीच्या कोपऱ्यात पडला होता. त्यात नेमकं तेच लिहिलं होतं, की हा नमस्कार नव्हे. सांगायची मला सवय आहे. चौकात उभं राहून सांगतो. त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

पत्रक पुढं वाटलं. हॉटेलातही मीच नेऊन दिलं आणि वाचायला लावलं. कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, “मग आता कोण दाबंल रं पाठ?” मी त्याला सांगितलं, घरी ये, पण माझ्या घरी ये; मी कुणाच्या ओसरीवर येणार नाही. वर्ग मी पुरा केला. शेवटच्या दिवशी बाईंसमोर वाकलो की नाही हे कुणी विचारलं तर मी सांगत नाही. वहीत अण्णांचं पान नाही. त्याखाली अंगठा कुणाचा घेणार?

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी स्मशानातून परत आल्यावर आई चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मी शेजारी बसलो. नखांत अजून अंगणातला चिखल होता, आणि हात जड होते, कोजागरीच्या दिवशी होते त्याहून जड.

“दिलंस का भुईला?” आईनं विचारलं. एवढ्या माणसांत तिनं एकटीनं ते ओळखलं होतं.

“दिलं.”

“गेलं का?”

“न्हाय.”

तिनं माझे हात आपल्या पदरात घेतले, उलटेपालटे करून बघितले.

“त्यांचंबी समदं जात नव्हतं,” ती म्हणाली.